रुषीभाऊंची रुंद गाडी

गाडी चालवताना रुषीभाऊ आरशात फारसे पाहत नसत. ते मागचे ऐकत. पिकअपच्या केबिनची मागची काच त्यांनी मुद्दाम काढून टाकली होती. हौद्यात जाड ताडपत्री अंथरून तिच्यात काठोकाठ पाणी भरलेले असे, त्या पाण्यात बोटाएवढी माशांची पिले असत, आणि हौद्याच्या काठावर आडवी फळी टाकून बसलेला त्यांचा मेहुणा गोमा वाटभर हाताने पाणी उडवत असे. तसे केले नाही तर पिले गुदमरतात. तो छप् छप् आवाज थांबला, की रुषीभाऊ मान न वळवता ओरडत,

"गोमा, झोपला काय बे?"

"नाही जी, भाटवे. हात बदलून राहिलो."

बहिणीचा नवरा म्हणून गोमा त्यांना भाटवे म्हणे. आवाज पुन्हा सुरू झाला, की रुषीभाऊंचा पाय पुन्हा पेडलवर पडे.

रुषीभाऊ एकोडीत आमच्या घरापासून दोन घरे सोडून राहत. जातीने ढिवर. तलावाच्या पाण्यावर ज्यांच्या पिढ्या गेल्या, अशा घरातले. पावसाळा लागला, की बीजकेंद्रातून पिले आणायची आणि साकोली-लाखांदूरकडच्या तलावांत सोडायची, हा त्यांचा हंगाम. बाकीचे वाहतूकदार पिले प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणू लागले होते. रुषीभाऊंना ते मान्य नव्हते. "पिशवीतलं पोर तलावात सोडलं का बावचळते, सर. खुल्या पान्यात आलेलं पोर खुल्या पान्यात जाते," असे ते मला सांगत. माशांच्या पिलांना ते पोरेच म्हणत. त्यांना स्वतःला मूल नव्हते.

तलावावर पोहोचल्यावरची त्यांची घाई नसलेली रीत मी अनेकदा पाहिली आहे. आधी एक पाय तलावात, मग तोच पाय हौद्यातल्या पाण्यात. दोन्हींचा गारवा सारखा वाटला नाही, तर तलावाचे पाणी बादलीबादलीने हौद्यात ओतत बसायचे. मच्छीमार सोसायटीची माणसे काठावर उभी राहून कंटाळत.

"रुषीभाऊ, सोडा ना बाप्पा! जेवाचं हाय."

"तू जेवून ये. पोरं कुठंच जाऊन नाही राहिले."

मग ताडपत्रीचे टोक सोडले जाई आणि ती पिले एका चंदेरी वळणाने तलावात शिरत. मेलेली किती, हे पाहायला रुषीभाऊ खाली वाकत. बहुधा त्यांना काही सापडत नसे. तेव्हा ते गोमाकडे पाहत. शब्दाने त्याला कधी शाबासकी दिल्याचे मला आठवत नाही. ते फक्त आपल्या खिशातली सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी त्याच्यापुढे आधी धरत.

गोमा लहान असतानाच त्याची आई गेली होती. रुषीभाऊंची बायको सुनंदाबाई लग्न होऊन आली ती या भावाला कडेवर घेऊनच आली, असे गावात म्हणत. तो त्याच घरात वाढला आणि तिथेच राहिला. लग्न का केले नाही, असे कोणी विचारले तर म्हणे, "भाटव्यानं मले पान्यात बसवून ठेवलं. पोरगी पाहाले कोन जाते?" रुषीभाऊ म्हणत, "तुले कोन देते बे पोरगी? अंगाले बाराही महिने मासोळीचा वास." दोघांचे हे असे दिवसभर चाले. ऐकणाऱ्याला वाटावे, आता भांडतील. भांडण मात्र कधी झाले नाही.

मी इथल्या हायस्कुलात शिकवतो. स्वभावाने भिडस्त आहे. दुसऱ्याला खात्री वाटत असली, की माझी शंका मी गिळतो. रुषीभाऊंना तर कशाचीही खात्री फार लवकर वाटे, आणि एकदा वाटली की ते ती अंगाने सिद्ध करून दाखवत. पुढे जे घडले, त्याचे मूळ मला त्यांच्या या दोन गुणांत दिसते. गुणच म्हणतो.

पाणी भरलेली गाडी ही भाताच्या पोत्यांनी भरलेल्या गाडीसारखी नसते. पोती जिथे ठेवली तिथे राहतात. पाणी वळणावर एका अंगाला धावते आणि गाडीला ओढून नेते. एका पावसाळ्यात कालव्याजवळच्या वळणावर तेच झाले. समोर म्हैस आली, रुषीभाऊंनी गाडी वळवली, पाणी डावीकडे गेले आणि उजवी चाके जमिनीवरून उचलली गेली. गाडी सावरली, पण गोमा फळीवरून उडून कालव्याच्या उतारावर पडला. चिखलाने माखून तो वर आला तेव्हा हसत होता. "भाटवे, तलाव तं येऊ द्याचा होता! इथंच सोडलं मले?"

गोमाने हा किस्सा गावभर रंगवून सांगितला. रुषीभाऊ संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातातला चहा निवला तरी त्यांनी तो प्यायला नाही.

"सर, त्याले काही झालं असतं तं सुनंदाले मी कोन्तं तोंड दाखवलं असतं?"

मी काहीतरी धीराचे बोललो. त्यांचे लक्ष नव्हते. ते अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या चाकांकडे पाहत होते.

काही दिवसांनी त्यांनी मला आणि गोमाला विहारापुढच्या मोकळ्या जागेत बोलावले. दोन्ही पाय जुळवून उभे राहिले आणि गोमाला म्हणाले, "ढकल." गोमाने खांद्याला धक्का दिला, ते कलले. मग पाय फाकवून उभे राहिले. "आता ढकल." गोमाने जोर लावला, ते हलले नाहीत.

"पाहलं, सर? गाडीचे पाय जवळ हायेत. फाकवले का नाही पडत."

साकोलीत कोण्या हौशी पिकअपवाल्याने चाक आणि ते ज्याच्यावर बसते तो हब यांच्यामध्ये जाड चकत्या बसवून चाके बाहेर काढलेली त्यांनी पाहिली होती. स्पेसर म्हणतात त्यांना. त्या माणसाने ते दिसण्यासाठी केले होते. रुषीभाऊंना ते गोमासाठी करायचे होते. त्यांनी एका लेथवाल्याकडून ताटलीएवढ्या, दोन बोटे जाड लोखंडी चकत्या कातून घेतल्या. मूळचे बोल्ट तेवढ्या जाडीतून बाहेर येईनात, म्हणून ते काढून लांब बोल्ट ठोकले. ज्या मिस्त्रीकडे हे काम केले, त्याने बसवता बसवता एकदा म्हटले होते, "भाऊ, कंपनीनं चाक जिथं ठेवलं तिथंच राहू देल्लं तं बरं." त्यावर रुषीभाऊंनी विचारले होते, "कंपनीवाल्यायनं गाडीत पानी भरून पाहलं काय?" मिस्त्री हसला आणि कामाला लागला. हे सारे रुषीभाऊंनीच मला सांगितले, आणि आपल्या उत्तरावर खूश होऊन सांगितले. मीही हसलो.

त्यांनी मला केबिनमध्ये बसवून कालव्यापर्यंत फिरवून आणले. हौद्यात काठोकाठ पाणी होते. त्याच वळणावर गाडी जमिनीला चिकटून वळली.

"धोका नाही ना, रुषीभाऊ?"

"धोका तं पहिले होता, सर."

"छान वळते," मी म्हणालो. त्यांना ते आवडले. मागून गोमा ओरडला, "सर, आता मले कालवा नाही, डायरेक्ट तलावच भेटन!"

गाडी आता रस्त्यावरून जाताना पाय फाकवलेल्या म्हशीसारखी रुंद दिसे. चाके पत्र्याबाहेर आल्यामुळे चिखल उडे. भाताच्या रोवण्याला निघालेल्या बाया शिव्या घालत, "आंधळा झाला काय रे, मुडद्या?" मग त्यांनी जुन्या ट्यूबची रबरे कापून चाकांवर लावली. मागचे एक बेअरिंग घुमू लागले, बदलले. त्याच हंगामात ते पुन्हा घुमले. "आजकाल बेअरिंगच नकली येतात," असे ते म्हणाले. चाक बाहेर गेल्यावर त्याचा भार बेअरिंगला आणि बोल्टांना वेगळ्या कोनातून, जास्त जोराने सोसावा लागतो, हे तेव्हा आमच्यापैकी कोणी त्या आवाजातून ऐकले नाही.

त्यांनी हयगय केली, असे मात्र कोणी म्हणू नये. निघण्यापूर्वी रोज सकाळी चाकांचे सगळे नट आवळले जात. पान्याच्या दांड्याला लांब पाइप जोडायचा आणि गोमाने त्यावर अंगाच्या भाराने उभे राहायचे. पाइप थांबला, तरी रुषीभाऊ म्हणत, "अजून." मग गोमा त्यावर उडी मारे. "गोमानं कसलेला नट देवाच्यानं नाही निघत," ही त्यांची अभिमानाची गोष्ट होती. प्रेमाने माणूस एखादी गोष्ट किती घट्ट आवळतो, आणि त्या आवळण्याने ती आतून किती ताणली जाते, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे.

रुषीभाऊंची गाडी कलत नाही, हे पाहून पिले वाहणाऱ्या आणखी चार जणांनी त्याच लेथवाल्याकडून तशाच चकत्या बसवून घेतल्या. ते विचारायला येत, रुषीभाऊ त्यांच्यापुढे पाय फाकवून उभे राहत आणि म्हणत, "ढकल."

त्यानंतरच्या पावसाळ्यात, सानगडीहून लाखांदूरकडे जाताना, भर दिवसा ते घडले. वेग बेताचाच होता. रुषीभाऊंनी ते मला एकदाच सांगितले, आणि ज्या शब्दांत सांगितले त्याच शब्दांत लिहितो.

"सर, एक चाक मह्या गाडीच्या बाजूनं पुढं गेलं. मी म्हटलं, हे कोनाचं चाक जाऊन राहिलं? थे बांधीत उतरलं, धानात. तवा गाडी बसली."

मागचे डावे चाक गेले होते. गाडी त्या कोपऱ्यावर बसली, सगळे पाणी त्या बाजूला धावले आणि गाडी उलटली. गोमा तिच्याखाली होता. शेतातली माणसे धावली, त्यांनी गाडी उचलून धरली. पण तोवर काही उरले नव्हते. रस्त्याकडेच्या नालीत पिले तडफडत होती. रुषीभाऊ गोमाचे डोके मांडीवर घेऊन बसले होते, असे पाहणारे सांगतात. कोणी त्यांना पाणी दिले, तर ते त्यांनी नालीत ओतले.

मरणाच्या घरी लोक दिलासा द्यायला येतात आणि दिलासा म्हणून एखादे कारण घेऊन येतात. इथेही ते आले. "नट ढिले राहिले असतील." पहिल्यांदा हे कोण म्हणाले, मला ठाऊक नाही. पण ते सगळ्यांनाच सोयीचे होते. नट रोज गोमा आवळत असे. म्हणजे चूक त्याची, तो गेला, आता कोणाला काय बोलायचे? रुषीभाऊंना ते मोकळे करणारे होते. ज्या चौघांच्या गाड्यांना तशाच चकत्या होत्या, त्यांनाही ते मोकळे करणारे होते. पोलिसांनी विचारले, तेव्हा एका हितचिंतकाने रुषीभाऊंच्या कानात सांगितले, "नट गोमानं कसले होते म्हना. आता त्याले का होते?" रुषीभाऊंनी पोलिसांना सांगितले, "चकत्या म्या बसवल्या." त्यापलीकडे ते बोलले नाहीत.

सुनंदाबाई त्या दिवसांत त्यांच्याशी बोलत नव्हत्या. ताट वाढून ठेवत आणि दुसऱ्या खोलीत जात. तेराव्यानंतर एके सकाळी, मी तिथे बसलो असताना, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. विहिरीवर कोणी बाई त्यांना म्हणाली होती, "तुह्याच भावाच्या हातानं झालं, बाई, कोनाले दोष देशील?"

"नट ढिले होते काय?" त्यांनी विचारले.

रुषीभाऊंनी वर पाहिले. "नाही."

"मंग हे लोकायले सांगा."

"सांगतो."

"मह्यासाठी नका सांगू. त्याच्यासाठी सांगा."

एवढे बोलून त्या आत गेल्या. त्यांनी नवऱ्याला क्षमा केली, असे मी कधी म्हणणार नाही. त्यांनी त्याच्यावर एक काम टाकले.

त्याच दिवशी रुषीभाऊ माझ्याकडे आले. "सर, सोसायटीत बैठक हाय. तुमी काही बोलू नका. फक्त बसा." मी जाऊन बसलो. सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीसेक माणसे होती. पिले आणायच्या पुढच्या फेऱ्या ठरायच्या होत्या. ते चौघेही होते. त्यांतला सानगडीचा देविदास तरुण, बोलका, आणि रुषीभाऊंना मानणारा. त्यानेच सुरुवात केली.

"भाऊ, झालं थे वाईट झालं. पन आमी रोज नट पाहतो. गोमाभाऊ घाईत राहिले असतील एखाद्या दिवशी."

रुषीभाऊंनी पोत्यातून काही काढून सतरंजीवर ठेवले. तुटलेल्या बोल्टांची टोके होती ती, रस्त्यावरून गोळा केलेली. प्रत्येक टोकावर नट बसलेला होता.

"गोमाचे हायेत," ते म्हणाले. त्यांनी नट काढायचे दोन पाने पुढे सरकवले. "काढा."

देविदास वाकून त्या टोकांकडे पाहू लागला.

"काढ ना, देविदास. ढिले हायेत ना?"

देविदासने एका पान्यात बोल्टाचे टोक धरले, दुसरा नटावर लावला. जोर लावला. मानेच्या शिरा वर आल्या. मग शेजारच्याने टोक धरले आणि देविदास दोन्ही हातांनी पान्यावर झुकला. नट तसूभरही फिरला नाही. दुसरा घेतला, तोही नाही. शेडमध्ये पान्याच्या घसरण्याचा आवाज तेवढा येत होता. तिसरा त्याने हातात घेतला आणि न लावताच परत ठेवला.

"नट नाही निघाले," रुषीभाऊ म्हणाले. "बोल्ट तुटले. चाकाचं वजन हबच्या बैठकीवर राहाले पाह्यजे. आपल्या चकतीचं मधलं भोक तिच्यावर बसतच नाही. सारं वजन बोल्टावर. त्यात चाक बाहेर. गाडी हलली का बोल्ट वाकते, पुन्हा सरळ होते, पुन्हा वाकते. तार कशी तोडता तुमी? तशी. मिस्त्रीनं आता सांगितलं. पहिलेबी सांगून राहिला होता, मी ऐकलं नाही."

"मंग चूक कोनाची म्हनता?" मागून कोणीतरी विचारले. आवाजात खोच नव्हती. पण शब्द पडायचा तो पडला.

"माही," रुषीभाऊ म्हणाले. "अन तुमच्या गाड्यायच्या चकत्या, थ्याही माह्याच. काढून टाका."

मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. ज्या कारणाच्या आधाराने ते उरलेले आयुष्य गावात मान वर करून काढू शकले असते, ते त्यांनी आपल्या हाताने सतरंजीवर ठेवून दिले होते. कालव्याच्या वळणावर मी उच्चारलेले "छान वळते" हे दोन शब्द मला त्या वेळी आठवले. ते त्या सतरंजीवर ठेवायला मी उठलो नाही.

तिघांनी आठवडाभरात चकत्या काढल्या. देविदासने काढल्या नाहीत. लेथवाल्याचे लोखंड हलके असेल, आपण चांगल्या लोखंडाच्या करून घेऊ, असे तो म्हणत राहिला. रुषीभाऊ त्याच्याकडे जात राहिले. पायी जात, गाडीला त्यांनी पुन्हा हात लावला नव्हता, आणि दुसऱ्याच्या गाडीतही ते बसत नसत. लोक त्यांना टाळू लागले होते. रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक पिकअपच्या चाकांकडे ते वाकून पाहत, त्यामुळे पोरेटोरे हसत. एकदा साकोलीच्या बसस्थानकाबाहेर एका अनोळखी ड्रायव्हरने त्यांना चोर समजून हाकलले. मी हे पाहिले. ते कपडे झटकत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "त्याच्या गाडीले नाही हायेत." त्यांच्या तोंडावर समाधान होते.

त्या हिवाळ्यात ते गेले. त्या वेळी मी मुलीकडे नागपूरला होतो, म्हणून अंत्यविधीला पोहोचलो नाही. मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्याआधी, देविदासच्या अंगणात. शाळेच्या कामाने सानगडीला गेलो होतो. गाडीच्या मागच्या चाकाशी ते उकिडवे बसले होते आणि एकटेच नट काढत होते. देविदास कमरेवर हात ठेवून उभा होता. परवानगी दिली होती की नुसता थकला होता, कळत नव्हते. मला पाहून रुषीभाऊंनी मान हलवली.

"भाऊ, काढतो मी, ठीक हाय," देविदास म्हणाला. "पन मंग पानी भरल्यावर गाडी कलते, त्याचं का करू? मागं माहा भाऊ बसते."

"अर्धं पानी भर."

"अर्ध्या पान्यात अर्धीच पोरं येतात."

"दोन चकरा मार."

देविदासचे हात कमरेवरून खाली आले. "एवढंच होतं काय, भाऊ? मंग तुमी काहून नाही भरलं अर्धं?"

रुषीभाऊंचा पाना थांबला.

"मले दोन चकरांचा कंटाळा होता," ते म्हणाले, आणि पुढच्या नटाला पाना लावला.

देविदास चाकाखाली लावायला दगड आणायला गेला.